सही लायसनवाल्याची

मेहकरातल्या आमच्या नव्या घराच्या भिंती उभ्या झाल्या आणि वायरिंग कोणी करायची यावरून पहिलं भांडण पेटलं. पेटवलं मीच. घरात आम्ही तिघं. मी, आमचे हे, आणि ऐंशीला आलेल्या माझ्या सासूबाई. ह्यांचं म्हणणं, दुसरबीडचा आपला वायरमन आहे ना, आईच्या माहेरचा, तोच करेल. सासूबाईंचं म्हणणं तेच, फक्त जरा मोठ्या आवाजात. आणि माझं म्हणणं, आधी त्याचं लायसन दाखवा.

मी संशयी बाई आहे. लोक पाठीमागं म्हणतात, मी तोंडावर मान्य करते. शाळेच्या ऑफिसात क्लार्क म्हणून तीस वर्षं काढली. दाखले लिहून लिहून बोटाला घट्टा पडला. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्तणुकीचा एक रकाना असतो. त्यात मी सगळ्यांना 'चांगली' असंच लिहिलं. काचा फोडणाऱ्यालाही चांगली, आणि मास्तरांच्या गाडीची हवा सोडणाऱ्यालाही चांगली. दुसरं काही लिहायची पद्धतच नव्हती. वेगळ्या पेनानं बदललेली जन्मतारीख मी लांबून ओळखायची. एकानं तर शिक्का बटाट्यावर कोरून आणला होता, तोही मी वासावरून पकडला. तेव्हा कागदाची लायकी काय असते ते मला कुणी शिकवू नये. पण ज्याच्याजवळ तेवढाही कागद नाही, त्याच्यावर काय पाहून विसंबायचं? काही झालं तर कुणाची गचांडी धरायची?

हा वायरमन साठीचा. सासूबाईंच्या माहेरच्या गल्लीतला, म्हणून त्यांना आत्या म्हणतो, ह्यांना दादा आणि मला वहिनी. शाळा सातवीपर्यंत. डोणगावला आमचं जुनं घर होतं, तिथली सगळी वायरिंग त्याच्याच हातची. त्या घराच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा होता. उन्हाळा लागला की सासूबाई दर शनिवारी त्यात बादलीभर पाणी ओतायच्या. त्यानंच सांगून ठेवलेलं, "आत्या, जमीन सुकली का अर्थिंग मरते. तिले पानी पाजत जा." मी सुट्यांत तिथं गेले की हे बघायची आणि मनात म्हणायची, काय एकेक खूळ असतं बाई. एखाद्या यंत्रात करंट उतरला तर तो माणसाच्या अंगातून न जाता तारेवाटे जमिनीत जावा, यासाठी अर्थिंग असते, हे मला आज पाठ आहे. तेव्हा नव्हतं.

तो नवं घर बघायला आला. अजून फरशीही नव्हती, तरी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. भिंतींवर बोटं वाजवत फिरला आणि पहिला प्रश्न विचारला, "आत्याची न्हाणी कोनती?" मला वाटलं, झालं, लागला म्हातारीला लोणी लावायला. मी सरळ विषयाला हात घातला.

"भाऊजी, तुमच्याकडे लायसन आहे का?"

"नाई, वहिनी."

"बरं, आयटीआय? काही कोर्स?"

"नाई. उस्तादाच्या हाताखाली सात वर्सं होतो. पन त्यायच्याकडेही लायसन नोतं."

"मग मीटर कसं मिळणार? टेस्ट रिपोर्टवर सही कोण करणार?"

"सही लायसनवाल्याची, काम माह्यं," तो म्हणाला. "इकडं सगळ्याइचं असंच होते."

इतक्या सहज सांगितलं त्यानं, की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे काम न पाहता सही ठोकणारा एक, आणि दुसऱ्याच्या सहीखाली काम करणारा दुसरा! आणि अशा दोघांच्या भरवशावर मी माझं घर सोपवायचं? मी त्याला चहा दिला आणि सांगितलं की आम्ही लायसनवाल्याकडूनच काम करून घेणार. तो रागावला नाही. कप खाली ठेवला आणि म्हणाला, "कोनाच्याही हातून करा, वहिनी. पन आत्याच्या गिझरची अर्थिंग उभं राहून करून घ्या. आत्या ओल्या पायानं नळ धरते." मला वाटलं, जाता जाता घाबरवून जातो आहे.

सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या त्या भिंतीकडे बघून. "माह्या माहेरच्या मानसाले चहा पाजून हाकललं." मी पण काही कमी नाही, मी तव्याकडे बघून म्हटलं, "चहा पाजला ना? बरं झालं."

मग मला हवा होता तसा माणूस मिळाला. गावातच दुकान, आणि खुर्चीच्या मागं काचेत बसवलेलं लायसन. मी उठून भिंतीशी गेले, चष्मा चढवला, नंबर वाचला, मुदत वाचली, शिक्क्याच्या कडा न्याहाळल्या. अस्सल होता. तो हसून म्हणाला, "मॅडम, इतक्या वर्षांत माझं लायसन वाचणाऱ्या तुम्ही पहिल्याच." आणि मी, जिला कुणी भुलवू शकत नाही असा माझाच समज होता, ती मी या एका वाक्यावर हुरळले. घरी येऊन ह्यांना दोनदा सांगितलं.

पहिल्या दिवशी तो स्वतः आला. पांढरा शर्ट, हातात खडू. भिंतींवर खुणा केल्या आणि गेला, तो शेवटपर्यंत फिरकला नाही. काम करायला दोघं जण यायचे, दोघंही चाळिशीच्या पुढचे. मी विचारलंच, "तुमचं लायसन?"

"साहेबाचं हाये ना, बाई."

म्हणजे मी पुढच्या दारानं जे हाकललं, तेच मागच्या दारानं आत आलं होतं. हे माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. चांगलं लक्षात आलं. पण तोवर भिंती फोडून झाल्या होत्या, आणि सासूबाईंसमोर आपली चूक कबूल करायची माझी तयारी नव्हती. मग मी संशय भलतीकडे वळवला. वायरचे तुकडे मोजायची, बटणं मोजायची, संध्याकाळी त्यांच्या पिशव्यांकडे टक लावून बसायची. काम नीट होतंय का, ते मला कळत नव्हतं. चोरी होतेय का, ते कळेल असं वाटत होतं.

एक दिवस त्यांतला एक म्हणाला, "बाई, जाडं मीठ लागीन. एक गोनी. अन् कोळसा."

"मीठ? कशाला?"

"अर्थिंगच्या खड्ड्यात."

झालं! मला वाटलं, सापडले. गोणीभर मीठ कुणी जमिनीत पुरतं? मी त्याला म्हटलं, "घरी लोणची घालायची आहेत का तुमच्या बायकांना? मला काय येडी समजता?" असं फाडफाड बोलले की तो पुन्हा तोंड उघडेना. सासूबाई खुर्चीवर बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "लागते मीठ. डोनगावले टाकलं होतं त्यानं. ओल धरते ते." मी त्यांच्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही. त्यानं म्हणजे कुणी, ते मला माहीत होतं.

तासाभरात खड्डा खोदून झाला आणि बुजवूनही झाला. एवढ्या लवकर कसा, हे मी विचारलं नाही. मीठ दिलं नाही याच आनंदात होते.

काम संपलं आणि लायसनवाला टेस्ट रिपोर्ट घेऊन आला. मी टेबल पुसलं, खिडकी लावून घेतली, कागद उडू नयेत म्हणून, आणि वाचायला बसले. हा तर माझाच प्रांत. नाव बरोबर, पत्ता बरोबर. पिनकोडचा एक आकडा चुकला होता, तो त्याला दुरुस्त करायला लावला आणि शेजारी आद्याक्षरं घ्यायला लावली. अर्थिंग योग्य. सेफ्टी स्विच बसवला आहे. हा स्विच म्हणजे कुणाला शॉक बसला तर आपोआप वीज तोडणारा, हे त्यानंच समजावून सांगितलं. मी मान हलवली. कागदावरची ओळ न् ओळ तपासली. मेनची पेटी चार पावलांवर होती. उठून, झाकण उघडून, तो स्विच खरंच आत आहे का, एवढं मात्र पाहिलं नाही. खाली त्याची सही, शिक्का, आणि त्याखाली माझी सही. वळणदार. माझी सही छान आहे असं सगळे म्हणतात.

उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही राहायला आलो. सासूबाईंना खालची खोली, आणि लागूनच त्यांची न्हाणी. त्यांना उन्हाळ्यातही गरम पाणी लागतं, म्हणून तिथं वेगळा गिझर. महिना-दीड महिना झाला असेल. एका सकाळी न्हाणीतून आल्या आणि म्हणाल्या, "नळाले मुंग्या येतात."

"आई, तुम्हाला शुगर आहे. हाताला मुंग्या येणारच."

"हाताच्या मुंग्या मले समजत नाईत का? ह्या नळाच्या हायेत."

दुपारी मी जाऊन नळ धरला. काही नाही. पायात चपला होत्या आणि गिझर बंद होता, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. मी बाहेर येऊन जाहीर केलं की नळ ठणठणीत आहे. आमचे हे हळूच म्हणाले, "एकदा दुसरबीडच्या भाऊला दाखवायचं का?" बस्स! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे मायलेकरांचं ठरलेलं होतं तर. मुंग्याबिंग्या सगळं निमित्त, माहेरच्या माणसाला मागच्या दारानं घरात आणायचं आणि मला तोंडावर पाडायचं. मी म्हटलं, "हेच पाहिजे होतं ना तुम्हाला? आता कळलं मला मुंग्या कुठून येतात ते!"

सासूबाईंनी आणखी एक-दोनदा सांगून पाहिलं. मग सांगणं सोडलं. मला वाटलं, जिंकले.

त्यानंतर त्यांच्या न्हाणीत रबरी चपलांचा एक जोड दिसायला लागला. आणि नळावर कायम कोरडा पंचा गुंडाळलेला. मी पाहिलं ते काय? पांढऱ्या टाइलवरचे चपलांचे काळे डाग. मी भडकले. "न्हाणीत कुणी चपला नेतं का, आई? रोज घासायची कुणी?" चपला उचलल्या आणि बाहेर पायरीवर नेऊन ठेवल्या. पंचा धुण्यात टाकला. त्या पलंगावर बसून बघत होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मी ऐकलं असतं का? नसतं ऐकलं. तरी त्यांच्या त्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो, आणि मग त्या रागाचीच लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्या लाटत होते. न्हाणीत बादली आपटल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ दुसरा, जड आवाज. हे "आई!" करत धावले. मीही धावले. पण न्हाणीच्या दारात पोचल्यावर मी आत गेले नाही. आधी ह्यांच्या शर्टाला धरून मागं ओढलं आणि बाहेरच्या भिंतीवरचं गिझरचं बटण बंद केलं. हात आपोआप तिकडे गेला. कुणी सांगितलं नव्हतं मला की हा शॉक आहे. चक्कर असू शकली असती, पाय घसरलेला असू शकला असता. पण हात बटणाकडेच गेला. म्हणजे इतके दिवस मला आत कुठंतरी माहीत होतं.

सासूबाई भिंतीशी पडल्या होत्या. डोळे उघडे, ओठ हलत होते. नळानं त्यांना धरून ठेवलं नाही, फेकून दिलं, म्हणून वाचल्या. मनगट मोडलं. डॉक्टरांनी दोन बोटांवरचे काळे ठिपके पाहिले आणि मला विचारलं, "घरात आधी कुणाला झटका जाणवला होता का?" मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खाली बघत होते. "हो," मी म्हटलं. "आईंनाच."

प्लास्टर ओलं असतानाच सासूबाई म्हणाल्या, "आता तरी त्याले बोलाव."

दवाखान्याच्या पायऱ्यांवरून मीच फोन लावला. टोमणा ऐकायची तयारी ठेवली होती. तो एवढंच म्हणाला, "आलोच. मेन बंद ठेवा अन् कोनाले न्हाणीत जाऊ देऊ नोका." दुपारी सासूबाईंना घेऊन घरी आलो तेव्हा तो पायरीवर येऊन बसला होता. उन्हात दुसरबीडहून गाडीवर आलेला, तोंड लाल झालेलं. आधी आत्याच्या उशाशी जाऊन बसला. मग उठला, मेन लावला, गिझर चालू केला आणि टेस्टरचं टोक नळाला लावलं. लाल दिवा पेटला. मी तो डोळ्यांनी पाहिला. त्यानं मेनची पेटी उघडली. सेफ्टी स्विचच्या जागी नुसती वायर जोडलेली, वर काळी टेप. कागदावर होता, पेटीत नव्हता.

मग त्यानं अंगणातला खड्डा उकरला. हातभर खोलीवर लोखंडी सळईचं टोक संपलं. भोवती खडखडीत कोरडा मुरूम. ओल नाही, कोळसा नाही. तो तिथंच उकिडवा बसून म्हणाला, "मीठ काऊन नाई टाकलं बाप्पा यायनं? मीठ कोनी सोडते का?"

सासूबाईंची खिडकी उघडी होती. त्यांना सगळं ऐकू जात होतं. मीठ कुणी नाकारलं होतं, ते त्यांना माहीत होतं. मी खिडकीकडे पाठ केली.

मग मी लायसनवाल्याला फोन केला. काय झालं ते मुद्दाम सांगितलं नाही. "फाईल घेऊन या," एवढंच. तो येईपर्यंत शेजारचे तिघं-चौघं जमले होते. त्यानं आत येऊन सगळं ऐकून घेतलं, फाईल उघडली आणि टेबलावर ठेवली. "मॅडम, हा रिपोर्ट. ही माझी सही, ही तुमची. तुम्ही वाचून केलीय. पिनकोडसुद्धा दुरुस्त करून घेतलाय." मग वायरमनकडे बोट केलं. "यांच्याकडे लायसन आहे का? बिनलायसनच्या माणसाला पेटी उघडू दिली तुम्ही. त्यानंच आत काही केलं नसेल कशावरून? काही झालं तर जबाबदार कोण?"

माझीच वाक्यं होती ती. शब्द न् शब्द माझे.

"रिपोर्ट खरा आहे ना?" मी विचारलं.

"शंभर टक्के."

"मग बूट काढा. मोजे काढा. आत जा आणि नळ धरा."

"ही काय पद्धत झाली, मॅडम?"

"माझ्या सासूनं रोज धरला. तुम्ही एकदा धरा."

मी गिझरचं बटण दाबलं. तेवढ्यावर थांबले नाही. फरशी वाळली होती, म्हणून तांब्याभर पाणी आणून नळाखाली ओतलं. वायरमन म्हणाला, "वहिनी, नोको." मी ऐकलं नाही. तो माझ्या शेजारून निघून गेला. लायसनवाला शेजाऱ्यांकडे बघत होता, शेजारी त्याच्याकडे. गावात दुकान होतं त्याचं. चार लोकांसमोर माघार घेणं त्याला जमेना. मला वाटतं, त्यालाही नक्की माहीत नव्हतं. त्यानं त्या घरातलं काही पाहिलंच नव्हतं. त्याचा स्वतःच्या सहीवर विश्वास होता, जसा माझा. त्यानं बूट काढले, पँट दुमडली आणि ओल्या फरशीवर पाय ठेवला. मी दारात उभी राहून त्याच्या हाताकडे बघत होते. त्याला थांबवावं असं मला एकदाही वाटलं नाही.

त्यानं नळ धरला. काही झालं नाही. चांगला मूठ आवळून धरला आणि आमच्याकडे वळला. "बघा! कुठं आहे करंट?" मागून कुणीतरी म्हणालं, "म्हातारीले चक्कर आली असन." मी चक्रावले. आणि मग सासूबाईंच्या खोलीतल्या पंख्याकडे नजर गेली. पंखा मंदावत मंदावत थांबत होता. वायरमन पेटीजवळ उभा होता. मेन खाली पाडलेला, आणि हात अजून तिथंच.

मी ओरडलेच. "मेन काऊन बंद केला? आता काय सिद्ध होणार, कप्पाळ?"

तो म्हणाला, "तो मरला असता न, वहिनी."

न्हाणीतल्या माणसानं हे ऐकलं. त्यानं पंख्याकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. नळ सोडला. बाहेर येऊन अनवाणीच पायरीवर बसला. शेजारी एकेक करून निघून गेले. शेवटी वायरमननंच त्याला पाणी आणून दिलं. लायसनवाल्यानं त्याला विचारलं, "तुम्ही कुठं शिकलात?" आणि दोघं पायरीवर बसून वायरच्या जाडीबद्दल बोलू लागले. मला तर दोघांचाही राग आला.

संध्याकाळी मी सासूबाईंना भरवत होते. उजवा हात प्लास्टरमध्ये, त्यामुळे घास मीच द्यायची. दोन घास खाल्ले आणि त्यांनी माझा हात बाजूला केला.

"तुले माहीत होतं ना, नळाले करंट हाये ते? टेस्टरचा दिवा पाह्यला होता ना तुनं?"

"हो."

"अन् तरी त्याले म्हनत होती, धर."

"तुमच्यासाठीच केलं ना ते, आई."

"माह्यासाठी नोको करू असं काही," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या.

काम पुन्हा झालं. वायरमननं केलं आणि लायसनवाला दोन दिवस स्टूल टाकून समोर बसून राहिला, प्रत्येक जोड बघत. खड्डा कमरेइतका खोल गेला. मीठ मीच आणलं, मागितलं त्याच्या दुप्पट. सेफ्टी स्विच बसल्यावर तो दाबून, पाडून, पुन्हा दाबून दाखवायला लावला. मग नवा रिपोर्ट झाला. त्यावर सही लायसनवाल्याचीच, दुसरी कुणाची चालतच नाही.

तुम्ही म्हणाल, म्हणजे आता ही बाई लायसनच्या विरुद्ध झाली. अजिबात नाही. मी अजूनही म्हणते, कागद पाहिजे. लायसनवाल्याला मी फोन करून बोलावू शकले, फाईल टेबलावर ठेवायला लावू शकले. उद्या दुसऱ्याच कुणा बिनकागदाच्या माणसानं असं करून ठेवलं आणि तो गाव सोडून गेला, तर कुणाला बोलावणार? पण कागद देणाऱ्यानं एकदा तरी ओल्या फरशीवर उभं राहिलं पाहिजे, आणि माझ्यासारख्या घेणारीनंही. वायरमनसाठी मी परीक्षेची माहिती काढली, फॉर्म आणला, त्याच्या शाळेतून दाखला काढून देते म्हटलं. त्यानं फॉर्म उलटापालटा करून पाहिला. "परीक्षा घेनारा माह्यासंगं आठ दिवस कामाले येईन का? आला तं देतो परीक्षा." मी चिडून म्हटलं, "असं नसतं हो, भाऊजी." फॉर्म घडी घालून त्यानं खिशात ठेवला. भरला की नाही, मला ठाऊक नाही. माझा संशय आहे की नाही भरला.

सासूबाईंचं मनगट जुळलं. न्हाणी आता अगदी बिनधोक आहे. तरी पाणी तापलं की आंघोळीच्या आधी गिझरचं बटण बंद झालंय का, ते त्या रोज कुणाकडून तरी बघून घेतात. ते बटण स्वयंपाकघरातून बाहेर पडलं की लगेच उजव्या हाताला आहे, आणि त्या वेळी मी तिथंच असते. त्या माझ्यासमोरून जातात, दारात थांबतात, आणि वर गच्चीवर असले तरी ह्यांनाच हाक मारतात.